मयुरीच्या लग्नावरची हरकत

अल्लीपूर, ता. हिंगणघाट
दि. ७ मे

प्रिय साळेबुवा गजेंद्रराव यांना हरिदास थूल याचा सप्रेम जयभीम.

तुमची कंबर आता कशी आहे? पवनारला ऊन कसं आहे ते विचारत नाही, इथं आहे तेच तिथं असणार. फोनवर मेसेज न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर लिहिलेलं कुठल्या ग्रुपवर जाऊन पडेल याचा भरवसा नाही. वाचून झालं की फाडा. (जाळलं तर उत्तम.)

तुमच्या भाचीचं, मयुरीचं लग्न १४ जूनला स्कॉटलंडात ठरलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जावई अभिराम नागपूरचा, मयुरी तिकडे नोकरी करते त्याच दवाखान्यात कामाला. मुलगा सरळ आहे. पण तीस वर्षं तलाठी म्हणून सातबारे लिहिलेल्या माणसाचा नियम असा, की ज्या जमिनीवर कसलाच बोजा दिसत नाही ती दोनदा तपासावी. सकाळी तिथल्या कचेरीत सह्या, दुपारी भन्तेजींकडून त्रिशरण-पंचशील. भन्तेजी श्रीलंकेचे. त्यांना आपली मंगलगाथा येते का, म्हणून मी फोनवर म्हणवून घेतली. आली. माझ्यापेक्षा बरी आली, म्हणून तो विषय सोडला.

आता कागदांचं ऐका. मुलगी अविवाहित असल्याचा दाखला तिथल्या लोकांना हवा. ग्रामपंचायतीत गेलो, तर शेजारचे बबनराव आधीच तिथं बसलेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "काऊन भाऊ, हा दाखला कायले लागून राह्यला? पोरीचं आंधी काही झालतं का?" झालं! जे सिद्ध करायला गेलो त्याचाच गावाला संशय आला. त्यात ग्रामसेवकानं दाखल्यात लिहिलं, 'आमच्या माहितीप्रमाणे अविवाहित.' माहितीप्रमाणे म्हणजे काय? मी तीनदा खोडायला लावलं, तेव्हा कुठे 'खात्रीप्रमाणे' झालं.

मग माझा पासपोर्ट. पोलीस पडताळणीला आला त्या दिवशी आम्ही वडनेरला एका मयताच्या पुण्यानुमोदनाला गेलो होतो. बबनरावांनी त्याला सांगितलं, "ते काई कधी सापडत नाई." त्यानं अहवाल दिला, पत्त्यावर राहत नाही! ज्या घराचा उतारा मी स्वतःच्या हातानं लिहिला, त्या घरात मी राहत नाही. पासपोर्ट अडकला, आता व्हिसा येईपर्यंत लग्न होऊन जाणार. मयुरी म्हणाली, "बाबा, तुमी मोबाईलवर पायजा." एकुलत्या एका मुलीचं लग्न बापानं खाटेवर बसून मोबाईलवर पाहायचं, आणि ऐन मंगलगाथेत रेंज जायची! मला ते फार लागलं, गजेंद्रराव.

आता खरी भानगड. तिकडे लग्नाआधी कचेरीत नोटीस लावतात, कुणाची हरकत असेल तर लेखी द्या म्हणून. अगदी आपल्या जमिनीच्या फेरफाराच्या नोटिशीसारखं. आपल्याकडे हरकत आली की सुनावणी लागते, तारीख पडते, कुणी त्यानं मरत नाही. तर मयुरीच्या नोटिशीवर हरकत आली! भारतातून, टाइप केलेली, खाली 'वधूपक्षाचा हितचिंतक'. मजकूर असा, की सखोल चौकशी होईपर्यंत पुढील तारीख देण्यात यावी. (मसुदा मुद्देसूद होता, एवढं मान्य करावं लागेल.) पण त्या लोकांना तारीख देणं माहीतच नाही. कचेरीतल्या बाईंनी कळवलं, हितचिंतकानं २० तारखेपर्यंत नावानिशी हरकत मागे घ्यावी, नाहीतर ठरलेलं लग्न रद्द. मयुरी फोनवर रडली. मी अर्धा तास पंखा बंद करून बसलो होतो, मलाच कळलं नाही.

तपास मी लगेच सुरू केला. पहिला संशय बबनरावांवर. त्यांनी मार्चमध्ये मला स्कॉटलंडचा पिन कोड विचारला होता. कशाला? दुसरा, विहीण नमिताबाईंवर. मानपानाचं काही मागत नाहीत, सगळ्याला हो म्हणतात. जी बाई तोंडानं काहीच मागत नाही, ती मनात काय काय मागत असेल? आणि तिसरा, राग मानू नका, तुमच्यावर. एप्रिलमध्ये तुम्ही हिंगणघाटच्या पोस्टात रांगेत दिसलात, आणि मला पाहून पान थुंकायला बाहेर गेलात. तुम्ही तर पान खात नाही.

मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
हरिदास

ता. क. १ : तपास पूर्ण झाला. हरकत मीच घेतली होती. मला वाटलं, दोन-तीन तारखा पडतील, तेवढ्यात व्हिसा येईल.

ता. क. २ : सोबत एक कागद आहे. त्यावर 'हरकत घेणारा मीच असून ती मागे घेत आहे' असं लिहिलंय. खाली तुमची सही पाहिजे. वधूपक्षाचा हितचिंतक हे मामाला शोभतं. मामावर मयुरी चार दिवस रुसेल. माझ्यावर रुसली तर मी काय करू?

गजू, पाकीट चिकटवायले माह्याजवळ देलं, म्हणून मी ताई खाली लिहून राह्यली. कोणत्याच कागदावर सही करू नको. 'देण्यात यावी' वाचलं अन् पोरीनं बापाले ओळखलं. तिनं अन् अभिरामनं जुनी नोटीसच काढून घेतली अन् लग्न तीन महिने पुढं ढकललं. म्हणे, "बाबा समोर असल्याबिगर मी सही नाई करत." तिच्या बाबाले आताच सांगू नको. वीस तारखेपर्यंत भिऊ दे.