घोड्याविना लगाम

आष्टी, खंडेनवमी, संध्याकाळ

आज पूजेत पणजोबांचा लगाम मांडला. चुलतभाऊ विलासदादा पाहुण्यांना पुन्हा तेच सांगून राह्यला, "आमचे पणजोबा घोड्यावरून लढले!"

खोटं! चार महिने लष्करी कागद चाळले मी. पणजोबा राखीव स्वार होते. लढाईत माणसं कमी पडली तेव्हा त्यांचा घोडा काढून घेतला आणि त्यांना पायदळात धाडलं. तसं बोललो, तर दादा सगळ्यांसमोर खेकसला, "सणाच्या दिवशी घराची इज्जत घालवून राह्यला का?"

इज्जत? चिखलात पायी लढून आलेल्या माणसाची कसली इज्जत जाते? घोडा गेला तरी लगाम त्यांनी जपून घरी आणला. नुसता लगामच का, हे घरात कुणी विचारलं नाही. दादावर काय चिडू? चाळीस वर्षं मीही त्यावर झेंडूच वाहिला.