खंडेनवमीला बंद न केलेलं मशीन

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार

ओमकारने आज पुन्हा डिवचलं! बॅच सुटता सुटता, मुलांच्या देखत – "चंदाताई, देवाने माउस दिलाय ना हातात?" मुलं खिदळली. मीही हसले. आतून मात्र जळफळाट झाला. माझ्यानंतर चार वर्षांनी कंप्युटर क्लासवर शिकवायला लागला आणि मला शिकवतो!

आज मी शेलच्या अंगभूत कमांड घेतल्या होत्या. मला फार आवडतो तो धडा. शेल म्हणजे तो काळा पडदा, माउस नाही, नुसते हुकूम टाइप करायचे. त्याला काही कामं स्वतःलाच येतात – cd, echo, read, printf, type. कुणाला विचारावं लागत नाही. यादी दाखवणारा ls, नक्कल करणारा cp हे मात्र वेगळे प्रोग्राम, डिस्कवरच्या फोल्डरमध्ये बसलेले. शेल त्यांना नुसती हाक मारतं आणि ते येऊन काम करून जातात. मुलं जांभया देत होती. एकट्या रोशनीने विचारलं, "मंग ती भायेरची आलीच नाय तर?"

मी म्हटलं, मग घरच्यांनीच भागवायचं. प्रश्न बरा होता.

अनंतासर म्हणतात, दिवाळीनंतर काळ्या पडद्याची बॅच बंद करू. फोटो-डिझाइनला पोरं येतात म्हणे. येऊ देत.

२६ सप्टेंबर

रोशनी रोज बॅचनंतर कोपऱ्यातल्या लिनक्स मशीनवर बसते. आज शेवटी विचारलं, काय चाललंय?

तिचा पाडा उंबरमाळीच्या वर, जंगलात. तिची आत्या भिमी तिथली धवळेरी. त्यांच्याकडे लग्नाला भटजी नसतो – धवळेरी बसते आणि धवळा गाते, त्याच्यावरच सगळे विधी चालतात. आसपासच्या सगळ्या पाड्यांत पुरता धवळा येणारी ही एकच बाई उरली होती. श्रावणात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता नुसती कुजबुज निघते.

उन्हाळ्यात रोशनीने सगळी गाणी मोबाइलवर घेऊन ठेवली होती म्हणून बरं! डिसेंबरात तिच्या भावाचं, शामचं लग्न. तेव्हा स्पीकरवर लावणार. म्हणून ही बसून मधला खोकला, कोंबडे, कुत्री कापून काढते. कान झाकलेले, ओठ हलतायत.

तुला नाही का येत, विचारलं. "नाय गो ताई. मना कुठं येतंय! आत्याचाच आवाज पायजे."

२९ सप्टेंबर

रोशनीचा मोबाइल सारखा बंद पडायला लागला, म्हणून तिने सगळी गाणी मशीनवर घेतली आणि मोबाइल पुसून टाकला. पण आपली डिस्क गच्च भरलेली. मग तिने गाणी tmp या तात्पुरत्या फोल्डरमध्ये टाकली. आपल्या मशीनवर tmp म्हणजे नुसती मेमरी! वीज गेली की सगळं साफ. मी ओरडले. उद्या डिस्कवर जागा करून देते म्हटलं. तिचा चेहरा एवढुसा झाला.

३० सप्टेंबर, मंगळवार

काय दिवस गेला!

परवा दसरा, उद्या खंडेनवमी. सरांचा हुकूम – सगळं झाडूनपुसून ठेवा, सकाळी मशीनची पूजा. बाकं झाली, पंखे झाले. ओमकारला जोर चढला. म्हणाला, डिस्कपण साफ करतो. तो पडला आईच्या हाताखाली घर काढून वाढलेला – सणाच्या सफाईत जे वर्षभर हललं नाही ते बाहेर! तोच नियम त्याने डिस्कला लावला. सगळे अधिकार घेऊन खिडकी उघडली आणि वर्षापेक्षा जुन्या तारखेच्या सगळ्या फाइली उडवायला लागला. सुरुवात कुठून? कमांडच्या फोल्डरपासून. त्या सगळ्या मशीन घेतलं तेव्हाच्या तारखेच्या!

मी पोचले तेव्हा काम थांबवून खुर्चीत बसला होता, घामाघूम. ls टाइप केलं – नाही सापडत. cp – नाही. शेलची स्वतःची फाइलसुद्धा गेलेली. म्हणजे ही खिडकी बंद झाली की दुसरी उघडायची नाही. तो म्हणाला, रीस्टार्ट करतो. बोट बटणावर गेलंसुद्धा! मी मनगट धरलं. एवढ्या जोरात की त्याच्या हातावर वळ उठला.

"tmp मध्ये रोशनीची गाणी आहेत."

रोशनी दारात उभी होती. तिने ऐकलं.

मी खुर्ची ओढली. type echo लिहिलं. उत्तर आलं – शेलची अंगभूत. आहे! cd करून tmp मध्ये शिरले, echo आणि पुढे एक चांदणी – म्हणजे इथे जे जे असेल ते सांग. आणि पडद्यावर नावं! हळदीचं, मांडवाचं, तेलाचं, तांदळाचं... एका ओळीत सगळी. रोशनी पुटपुटली, "हायत." मग मोठ्याने, "ताई, हायत गो!"

आहेत, पण डिस्कवर न्यायची कशी? जागा आता झालेली, पण cp नाही. मी फाइल आख्खी शेलमध्ये वाचून पलीकडे लिहायला गेले – शेलने बजावलं, "शून्य आलं, ते टाकून दिलं." शून्य म्हणजे मोकळा बाइट, शेलला तो साठवता येत नाही. गाण्याच्या फाइलीत पावलोपावली शून्यं. ती गाळली तर राहिलं काय, चोथा. डोकं धरून बसले. मग सुचलं! read ला सांगायचं, शून्य येईपर्यंत वाच. printf ला सांगायचं, तो तुकडा लिही आणि शून्य तू परत घाल. शेवटचा तुकडा उरतो त्याच्यामागे शून्य नसतं, तो तसाच लिही. नुसती read आणि printf, दोघी घरच्या.

पहिलं गाणं उतरलं. मूळ फाइलीशी तुकड्याला तुकडा लावून जुळवलं. जुळलं! मी टेबलावर थाप मारली. खालचा मेडिकलवाला वर बघायला आला.

पण किती हळू! तांदूळ एकेक दाणा करून दुसऱ्या डब्यात टाकावा तसं. अर्धीसुद्धा झाली नाहीत तोवर संध्याकाळ झाली आणि सर मेन स्विच पाडायला आले. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळपासून हत्यारं विसावतात, त्यांच्या वडिलांच्या सुतारकामापासूनची रीत. मी म्हटलं, हे एक चालू राहणार. त्यांनी ओमकारकडे बघितलं. तो मान खाली घालून म्हणाला, सर, राहू द्या. सर फुगले. "सकाळी पूजेआधी बंद पायजे."

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

जिंकलो!!

नीट लिहिते. सकाळी गेले तर मशीन बिचारं घुमत होतं. थोडी गाणी बाकी. रोशनी आली, सोबत भिमीआत्या – बाजारात झेंडू विकायला उतरली होती. बुटकी, कपाळभर गोंदलेलं, गळ्यावर टाक्यांची खूण. मोकळी पाटी पायाशी ठेवून मशीनसमोर बसली.

सर ताट घेऊन आले. बाकीच्या मशीनवर कापड घातलेलं, हे एक चालू. म्हणाले, चालत्या हत्याराला कुंकू लावत नाहीत, बंद कर चंदा. मी समजावलं. आवाज चढवला. मग चक्क हात जोडले. नाही म्हणजे नाही. स्विचबोर्डाकडे वळलेसुद्धा.

आत्याने त्यांच्या शर्टाची बाही धरली. कुजबुज, पण खोलीत तेवढीच ऐकू आली –

"धवळा सुरू झाला का मांडवातून कोनी उठत नाय. संपला का उठायचा."

सर थांबले. काय वाटलं त्यांना कोण जाणे. चालत्या मशीनला हळद लावली, कुंकू लावलं, डोक्यावर झेंडू ठेवला. पंख्याच्या वाऱ्याने झेंडू हलत होता आणि खाली शेल एकेक तुकडा उतरवत होतं. मला रडू आलं. आलं तर आलं!

शेवटच्या गाण्याला लाईट गेली. यूपीएस दोन मिनिटं टिकला आणि मेला. ते तांदळाचं गाणं अर्धं राहिलं. बाकी सगळी डिस्कवर! डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली. आत्याचा आवाज खोलीभर – खणखणीत, उन्हाळ्यातला. आत्या स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून ऐकत होती.

ओमकार बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला.

२ ऑक्टोबर, दसरा

ओमकारने सगळ्यात आधी मला सोनं दिलं. म्हणाला, "ताई, मला शिकव ते. सुरुवातीपासून." मीही दिलं सगळं सोडून. आज सण.

दुपारी रोशनी आली. सगळी गाणी पुन्हा ऐकली. तांदळाचं मध्येच तुटलं. मी यूपीएसच्या सात पिढ्या काढल्या, कितीतरी वेळ. रोशनी तिकडे खिडकीशी तोरण बांधत पुढचं गुणगुणत होती.

२७ ऑक्टोबर

काळ्या पडद्याची बॅच भरली! सर म्हणतात, मुरबाडच्या शाखेतही तूच घे. मी म्हटलं, बघते. (घेणार!)

१३ डिसेंबर

उद्या शामचं लग्न. स्पीकर चार्ज केला. गाणी दोन पेनड्राइव्हवर घेतली, विधींच्या क्रमाने नावं देऊन – दोन ओळींत झालं काम, echo आणि printf आता माझ्या मैत्रिणी. तांदळाच्या वेळी काय करायचं याचीच रुखरुख. तेवढ्यापुरती सगळ्या बायका मिळून टाळ्या वाजवतील, म्हणाली रोशनी.

अख्खा पाडा ऐकणार उद्या. आणि ते कुणामुळे ऐकतोय हेही सगळ्यांना माहीत आहे. मला मोरपंखी साडीच नेसायचीय.

१५ डिसेंबर

काल मांडवात स्पीकर लावला. पहिल्या गाण्याच्या दोन ओळी झाल्या असतील. भिमीआत्याने हाताने खूण केली – बंद कर. मला वाटलं आवाज मोठा झाला. मी कमी केला. तिने मान हलवली, स्वतःच्या जागेवरून सरकली आणि त्या रिकाम्या जागेवर थाप मारली. रोशनी जाऊन बसली. म्हणाली, मना नाय येत. आत्या नुसती तिच्याकडे बघत राहिली.

मग रोशनीने तोंड उघडलं.

दिवस कलेपर्यंत गायली. तांदळाचंसुद्धा, शेवटपर्यंत. एकही फाइल लागली नाही. दोन्ही पेनड्राइव्ह माझ्या मुठीत होते. मी जागची उठले नाही.