विमानाला आलेलं गिऱ्हाईक

ती. सिग्नेताईस,

आर्विडचा नमस्कार. (वाकून करायचा होता, पण सध्या कंबर वाकत नाही. कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? सरपण पुरतंय ना? इकडे सगळे खुशाल. लोरेन ठणठणीत आहे, कुत्री ठणठणीत आहेत आणि विमानही ठणठणीत आहे. त्याचं नाव काढलेलं तुला खपणार नाही, पण हे पत्र त्याच्याविषयीच आहे.

"तळ्यावरचा बर्फ फुटायच्या आत ते विमान विक, नाहीतर माझ्या दारात पाय ठेवू नकोस," हे तुझं पत्र पोचलं. तुझ्या दारापर्यंत यायला रस्ता नाही, मध्ये डोंगर आहेत आणि दलदल आहे. विमान विकलं तर मला येता येणार नाही, आणि नाही विकलं तर तू घरात घेणार नाहीस. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही गोठलेली. नील्स भावोजी गेले ते खोकल्याने, अंथरुणात. विमानाने त्यांना कधी ओरखडासुद्धा काढला नव्हता. तरी राग तू विमानावरच काढतेस. (जाताना त्यांनी ते माझ्या हवाली केलं होतं, हे मी मुद्दाम काढत नाही.) असो. थोरल्या बहिणीचा शब्द मोडायचा नाही, म्हणून मी विमान विकायला काढलं.

टपालाच्या विमानातून अँकरेजचा एक दातांचा डॉक्टर बघायला आला. प्रेस्टन त्याचं नाव. बूट शहरी, दात उत्तम. मी त्याला काहीही लपवून ठेवलं नाही. म्हटलं, उन्हाळ्यात विमान माणसाला वाहतं आणि हिवाळ्यात माणूस विमानाला. बर्फ धरला की चाकं काढून त्याजागी स्की, म्हणजे लांब घसरपट्ट्या, लावायच्या. संध्याकाळी इंजिनाचं तेल काढून घरात चुलीशेजारी ठेवायचं. बॅटरी आमच्या उशाशी झोपते. (लोरेन म्हणते, थंडीत तिच्यापेक्षा बॅटरीवर पांघरूण जास्त असतं. हे खोटं आहे. सारखंच असतं.) सकाळी विमानाच्या नाकावर गोधडी टाकायची, खाली स्टोव्ह पेटवायचा आणि राखण करत बसायचं, कारण जरा उठलं की गोधडी पेटते. मग झाडू घेऊन पंखांवरचा बर्फ झाडायचा. एवढं होऊन इंजिन तापेस्तोवर दिवस मावळलेला असतो, म्हणून पुन्हा तेल काढायचं.

"मग तुम्ही हे ठेवता कशाला?" डॉक्टरने विचारलं.

"तेच मी कधीची विचारतेय," लोरेन म्हणाली.

एवढ्यावर शहाणा माणूस परत गेला असता. पण डॉक्टर म्हणाला, एक फेरी मारू या. आणि तिथे माझी चूक झाली. म्हणजे चूक आदल्या दिवशीच झाली होती, कळली तेव्हा. विमान उभं करताना स्कीखाली स्प्रूसच्या फांद्या घालायच्या, नाहीतर स्की बर्फाला धरून गोठतात, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक. पण गिऱ्हाईक येणार म्हणून मी विमान घासूनपुसून लख्ख केलं होतं, आणि खालच्या फांद्या कचऱ्यासारख्या दिसतात म्हणून ओढून फेकून दिल्या होत्या. तळ्याने रात्रीत विमानाला असं धरलं होतं की जणू त्यानेच इसार दिलाय.

यावर इलाज एकच. इंजिन जोरात चालवायचं आणि कुणीतरी शेपटी धरून गदागदा हलवायची. मी डॉक्टरला आत बसवलं, इंजिनाचा जोर वाढवला आणि बजावलं, "कशाला म्हणून हात लावू नका." मग मागे जाऊन शेपटी हलवली. विमान सुटलं आणि निघालं. शेपटी सोडावी की धरून ठेवावी याचा मी विचार करत होतो, तोवर आम्ही तळ्याच्या मध्यावर आलो होतो. मी पोटावर होतो.

डॉक्टर आज्ञाधारक माणूस. त्याने कशालाही हात लावला नाही. मी मागून ओरडतोय, "तो काळा दांडा मागे ओढा!" आणि तो काचेतून ओरडतोय, "हात लावू नका म्हणालात ना!" विमान गोल गोल फिरत राहिलं. नेमकी प्रार्थना सुटलेली, सगळं गाव काठावर. पहिल्या फेरीला एफी आजी हाक मारून म्हणाली, "अरे आर्विड, विमानात आतून बसतात!" पुढच्या फेरीला माझी टोपी गेली. शेवटी पाद्रीबाबांच्या न्हाणीघरामागच्या भुसभुशीत बर्फात शिरून विमान थांबलं. एक ओरखडा नाही.

"तू आत नसलास की बरं उतरतं," एफी आजी म्हणाली.

डॉक्टरने कॉफी घेतली, धिरडी खाल्ली आणि टपालाचं विमान कधी सुटतं ते विचारलं. म्हणाला, आपण होडी घ्यायचं ठरवलंय. तर ताई, विमान विकलं गेलं नाही, यात माझा काही दोष नाही. मला फार वाईट वाटलं. (लोरेन म्हणते, वाईट वाटत असताना मी गुणगुणत होतो.) दुसरं गिऱ्हाईक शोधतोच आहे. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा भाऊ,
आर्विड

ता. क. डॉक्टरचा निरोप आलाय. दवाखान्यात रोज तीच गोष्ट सांगतो म्हणे, आणि आता त्याला हेच विमान हवंय. मी उत्तर लिहिलेलं नाही. शाई गोठली आहे. (हे पत्र पेन्सिलीने लिहितोय.)

ता. क. पुन्हा. गुरुवारी तुझ्या तळ्यावरून गेलो होतो. इंजिन तापलेलंच होतं, वाया कशाला घालवा. तुझ्या धुराड्यातून धूर येत होता, बरं वाटलं. आणि घरासमोर बर्फावर स्प्रूसच्या फांद्यांच्या दोन रांगा दिसल्या. हिरव्यागार. बुधवारी तर एवढा बर्फ पडला होता. म्हणजे त्यानंतरच्या. भावोजींच्या इंजिनाचा आवाज आला की तू कुऱ्हाड घेऊन, त्यांना शिव्या देत, अशाच फांद्या मांडायला धावायचीस. ताई, मी खाली उतरलो नाही. तुझा शब्द होता. पण परतताना मला नीट दिसत नव्हतं. काचेच्या फटीतून वारा येतो.

ता. क. शेवटचा. आभाळ मोकळं असलं तर रविवारी येतोय. दार उघडू नकोस, कॉफी पायरीवर ठेव. त्या फांद्या भावोजींसाठी असतील, तर मी बाजूला उतरेन आणि माझ्या मी तोडेन. माझ्यासाठी असतील, तर जरा रुंद मांड. स्की मी बदलल्या आहेत, तू अजून भावोजींच्याच मापाने मांडतेस.