आप्पांच्या भजनातल्या उड्या

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
रविवार

तीर्थस्वरूप दादांना धाकट्या रामकिसनचा, पुण्यापर्यंत पोचेल एवढा वाकून नमस्कार. इकडं आम्ही जसे असतो तसे आहोत. तुमची शुगर, वहिनींचे गुडघे आणि सोसायटीतलं पार्किंगचं भांडण, तिन्हींची तब्येत कळवावी.

आप्पांच्या वर्षश्राद्धाला फुलंब्रीत त्यांची भजनं लाउडस्पीकरवर लागली पाहिजेत, तेव्हा रामकिसननं चारही सीड्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्ह तयार ठेवावा, असा हुकूम तुम्ही ग्रुपवर सोडलात. (खाली सत्तावीस अंगठे उगवले. मदतीला एकही माणूस उगवला नाही.) तेव्हापासून तीन आठवडे मी दुसरं काही केलेलं नाही. उतरवलेलं लावून बघावं, तर आप्पांनी ओळ सोडली की खट्ट, आणि गाणं उडी मारून थेट पुढच्या कडव्यात. नमुना ग्रुपवर टाकला, तर तुम्ही लिहिलंत, "रामकिसनला एक काम धड जमत नाही." वहिनींनी त्यावर हसरा चेहरा चिकटवला. मी चितेगावच्या कंपनीत जन्मभर स्टोअर सांभाळलं, कधी एक नट कमी पडू दिला नाही. पण ते सोडा.

शेजारचे श्रीधरराव (टेलिफोन खात्यातून रिटायर, त्यामुळं वायर असलेल्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा हक्क) म्हणाले, सीड्या धुवा. भांड्यांच्या साबणानं धुतल्या, मधून बाहेर पुसल्या, हिनं त्या ताटाळ्यात उभ्या केल्या. उडी तिथंच. मग म्हणाले, ड्राइव्ह दमतोय, वेग कमी करा. केला. एका सीडीला इतका वेळ लागला, की तेवढ्यात माणूस फुलंब्रीला जाऊन चहा पिऊन परत येईल. उडी तिथंच. दुसरा ड्राइव्ह आणला, वायर बदलली, एकच जागा पुन्हा पुन्हा वाचून चुका तपासणारा प्रोग्राम टाकला. त्यानं सांगितलं, सीडीत एकही चूक नाही. (असं सर्टिफिकेट आपल्या घरात मला कधी मिळालं नाही.) आणि उडी तिथंच, त्याच सेकंदाला. श्रीधररावांनी हात टेकले आणि आपला स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरी गेले.

काल दुपारी जेवता जेवता ऐकत होतो आणि सवयीनं आप्पांच्या मागं ध्रुपद धरलं. ही आतून ओरडली, "अवं, तुमी तोंड उघडलं की ते अडखळतंय. गप ऱ्हावा की जरा!" गप राहिलो. तरी अडखळलं. तेव्हा मात्र हात धुवून वही घेतली आणि चारही सीड्यांतल्या उड्या लिहून काढल्या. भरल्या एक्केचाळीस. सगळ्याच्या सगळ्या अशा जागी, की आप्पा ओळ सोडतात आणि ध्रुपद मागच्या एकट्यानं उचलायचं असतं. आप्पांच्या भजनी मंडळात ते कोण उचलायचं, दादा, हे तुम्हाला माहीत आहे. कॅसेटींवरून सीड्या करून आणल्या तुम्ही. देताना म्हणालात, "स्टुडिओत लई साफ करून घेतल्यात." आप्पा समोर गात होते तोवर सीडी लावायची वेळच आली नाही, आणि इतकी वर्षं मी समजत होतो, खरखर साफ केली असेल.

मला राग आला आहे, आणि वाईटही वाटतंय. तुम्ही पुण्याला गेलात तेव्हापासून दर एकादशीला आप्पांच्या डाव्या अंगाला मी बसलो. मध्येच कुणी खोकलं तर कापून टाकतात, तसं तुम्ही मला काढून टाकलंत, आणि वर मलाच नापास केलंत.

असो. वहिनींना नमस्कार सांगा, त्यांचा हसरा चेहरा पोचला.

आपला (सीडीत नसलेला) भाऊ,
रामकिसन

ता. क. मूळ कॅसेटी तुमच्या लोखंडी कपाटात आहेत. वर्षश्राद्धाआधी पाठवा. द्यायच्या नसतील तर तसं सरळ लिहा, सापडत नाहीत म्हणू नका.

आणखी एक. तिसऱ्या सीडीत तुमच्या स्टुडिओवाल्याच्या हातून एक जागा सुटली आहे. तिथं मी आहे. दहा वेळा ऐकलं. दादा, आवाज खरंच फाटका आहे, सूर पार भलतीकडं. का कापलात ते समजलं. पण मी थांबल्यावर आप्पा हळूच म्हणतात, "घे रामा, आनखी येकदा घे." आणि मी पुन्हा तसाच घेतो.

शेवटचं. कॅसेटी आल्या नाहीत तर हाच पेन ड्राइव्ह लागेल, आणि प्रत्येक उडीला मी माईकवर उभा राहून ध्रुपद उचलेन. तुमच्या व्याह्यांना पुढं बसवा.