नर्सबाईंना मारायचं ठरलं

३ मार्च, सोमवार

आज बढती मिळाली. कालपर्यंत मी सव्वीस माणसं होतो, आजपासून एकतीस.

आमच्या ॲपवर लोकांनी ओळखी करायच्या, गप्पा मारायच्या. लोक येईनात, म्हणून लोक आम्हीच. खोलीत सात जण आणि वह्यांचा ढीग. कुणाला किती मुलं, कुणाचा कुठला गुडघा दुखतो, सगळं वहीत. शेजारचा जाड्या सकाळी तीन कॉलेजच्या मुली असतो, जेवणानंतर कर्नल. खोलीतल्या शिकलेल्यांनी लिहिलेल्या माणसांशी कुणी फारसं बोलत नाही. मी सातवी नापास, बोलतो तसं लिहितो. माझ्या निवृत्त नर्सबाईंना चार हजार मैत्रिणी! त्यातल्या खऱ्या किती, देव जाणे.

५ मार्च

साहेबांचा हुकूम — प्रत्येकाने घरची खरी माणसं आणा. पैसे गुंतवणारे बघायला येणार आहेत, त्यांना खऱ्याचा थोडा तरी वास यायला हवा. गावी बहिणीला फोन करून आईला ॲपवर आणायला लावलं.

१० मार्च

नर्सबाईंना आज एका नव्या बाईचा निरोप. "बाई, तुम्ही माझ्या मुलाच्याच शहरात राहता म्हणे."

आई! ॲपनेच दोघींची गाठ घालून दिली.

फोनवर मला दोन वाक्यं — जेवलास का, तब्येत सांभाळ. नर्सबाईंना दोन पानं. मी घर सोडल्यापासून ती रोज माझं अंथरूण घालते आणि सकाळी गुंडाळून ठेवते. "त्याला कळलं तर हसेल."

मी हसलो नाही. वही मिटून मनाचंच उत्तर लिहिलं.

१४ मार्च

खरं सांगून टाकायचं म्हणून फोन लावला. "आई, त्या नर्सबाई आहेत ना —"

"तिच्याबद्दल वाकडं बोलायचं नाही, सांगून ठेवते. उभ्या जन्मात एक मैत्रीण मिळाली आहे मला."

फोन ठेवला. मी नाही, तिने.

१९ मार्च

समोरच्या इमारतीतल्या, आमच्याच धंद्यातल्या कंपनीने त्यांचा म्हातारा शिक्षक मारला. तोही आमच्या माणसांसारखाच, वहीतला. पण लोक रडायला लोटले. आमच्याकडचेसुद्धा तिकडे गेले.

साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. "माणूस जिवंत असला की लोक तीन मिनिटं थांबतात, मेला की एकोणीस. जाहिरातवाले मिनिटांचे पैसे देतात. आपण मागे पडलो. आपल्याकडे मरण्यासारखं कोण आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

२० मार्च

साहेबांना विनवलं, "कर्नलला मारा ना."

"कर्नलसाठी कोण रडणार?"

जाड्या तापला. "का? माझ्या कर्नलला काय धाड भरली आहे?" दिवसभर माझ्याशी बोलला नाही. कर्नलही नर्सबाईंशी बोलला नाही.

साहेब म्हणाले, "रविवारपर्यंत आजारपण, सोमवारी संध्याकाळी शेवट. जमत नसेल तर घरी जा, नर्सबाई जाड्याला देतो."

नोकरीचं काय, दुसरी बघता येईल. पण जाड्या माझ्या आईशी बोलणार? तिचं अंथरुणाचं वाचणार? त्यापेक्षा मीच मारतो.

२२ मार्च

नर्सबाईंना ताप आणला. आईने त्यांना डोक्यावर ओला फडका ठेवायला सांगितलं. नर्सला!

मग तिने विचारलं, "जवळ कोण आहे तुमच्या?" वहीत बघितलं. कुणीच नव्हतं. तसंच लिहिलं.

२३ मार्च, रविवार

नर्सबाईंनी आईला लिहिलं — "ताई, माझं आता काही खरं नाही. मुलाशी फोनवर मोकळेपणी बोलत जा. त्याला तुमची आठवण येते. तो हसणार नाही."

साहेबांनी मागे उभं राहून वाचलं, पाठ थोपटली. "झकास. शेवटचं वाक्य काढ, तिथे विम्याची जाहिरात बसते."

काढलं नाही. पाठवून दिलं.

२४ मार्च

सकाळी आईचा फोन. मागे बसचा आवाज. कधी गावाबाहेर न पडलेली बाई! "दुपारी पोचते. माझी मैत्रीण शेवटच्या घटका मोजते आहे आणि जवळ कुणी नाही तिच्या. तुझ्याच शहरात आहे. घर शोधून मला तिच्याकडे ने."

मी म्हटलं, "ये. मला ठाऊक आहे कुठे ते."