माराचं बाथरूम, स्केल एकास दहा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.
आजपासून सुट्टी. साहेब तिला सस्पेन्शन म्हणतात. महिनाभर. कारण काय, तर माझी स्टीलची पट्टी राकेशच्या भुवईला लागली. लागली म्हणजे हातातून सुटली. चार टेबलं ओलांडून. टाके तीनच.
वागळे इस्टेटच्या त्या ऑफिसात बावीस वर्षं मी बिल्डिंगांची मॉडेल्स हातानं कापतोय. आणि कालचा राकेश लेझर मशीनवर हात ठेवून म्हणतो, "मारुतीकाका, तुम्ही आता फक्त झाडं चिकटवा." सुटणारच पट्टी.
साहेब म्हणाले, राग आटोक्यात आला की ये. मला राग येतच नाही, हे मी त्यांना टेबलावर हात आपटून सांगितलं. टेबलाची काच जुनी होती.
संकल्प: महिनाभर शांत राहणे. (खरं म्हणजे गरज नाही.)

५ नोव्हेंबर.
ठाण्यात ३० तारखेला स्पर्धा आहे. एखादं गाजलेलं चित्र नाटकाच्या सेटसारखं छोट्यात उभं करायचं. पहिलं बक्षीस मलाच. फक्त मॉडेल बनवायचं राहिलंय.
चित्र ठरलं. मारा नावाच्या फ्रेंच पुढाऱ्याचा बाथटबमध्ये झालेला खून. छातीत भोसकलंय, हात टबाबाहेर लोंबतोय, चादरीवर रक्त, खाली सुरा. मन शांत करणारं चित्र आहे. प्रिंट फ्रिजवर लावली.
हेमांगी भाजी काढायला आली. हे काय, म्हणाली. म्हटलं, मारा. "कुणाला?" म्हटलं, अगं, त्याचं नावच मारा. मग मारणारी कुठंय, म्हणाली. म्हटलं, बाईनं खून केला आणि चित्राबाहेर गेली.
हेमांगी भाजी हातात धरून बराच वेळ प्रिंटकडे बघत राहिली. बायकोला कलेची आवड लागतेय.

८ नोव्हेंबर. दुपार.
टब कापताना कटर अंगठ्यात. खोल. सनबोर्ड भिकार. मानपाड्यात चांगला माल मिळतच नाही. त्या बोर्डाचे सोळा तुकडे केले. मग ते स्टुलावर आपटले. मग स्टूल आपटलं.
आमच्या लेकीचं, कादंबरीचं, दहावीचं वर्ष. तिनं आतून कडी लावून घेतली. अभ्यासू पोरगी.
फायदा: लादीवरच्या रक्ताचा फोटो काढला. चादरीची शेड मिळाली. रक्त फार वेळ लाल राहत नाही, तपकिरी होतं. असं निरीक्षण राकेशला सात जन्मांत जमणार नाही.

१३ नोव्हेंबर.
वरच्या विनीतकडे ड्रिलिंग. हादऱ्यानं टबची कड चिकटताना सरकली. वर गेलेलो, एकदम शांतपणे. चर्चा केली. चर्चेत त्याच्या शर्टाचा खिसा माझ्या हातात आला आणि माझा एक दात हलला. त्याच्या बायकोनं मध्येच लाटणं आणलं. विषयाचा काही संबंध?
संध्याकाळी सोसायटीचं पत्र. 'आपण केलेली मारहाण.' हा शब्द चूक आहे. एकानं केली तर मारहाण, दोघांनी केली तर मारामारी. मराठी कुणाला येत नाही.

१७ नोव्हेंबर.
चित्राचा वरचा अर्धा भाग म्हणजे नुसती काळपट भिंत. रंगाचे सहा कोट दिले. भिंत अप्रतिम.
पण मेलेला माणूस जमेना. मातीचे चार केले, चौघेही दुपारचे लवंडल्यासारखे. एकाची मुंडी पिरगळली. दोघांना भिंतीवर मारलं (खऱ्या). चौथ्याला चपलेखाली घेतलं.
मग आतली कडी उघडली. कादंबरी म्हणाली, "बाबा, मी करून बघू?"
दोन तासांत केला. मान कललेली, हात लोंबतोय, बोटं सुटलेली. खरोखर मेलेला. कसं जमलं विचारलं, तर म्हणाली, "आधी घाबरलेला केला. मग हळूच मान सोडून दिली."
नवशिक्यांचं नशीब असतं एकेकदा.

२२ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.
माराचा हात टबच्या कडेवर बसेना. कादंबरीला म्हटलं, तुझा हात लांब झालाय. म्हणाली, "हात बरोबर आहे. तुमची कड चुकलीय."
बावीस वर्षं.
चिकटवलेल्यावर दाब द्यायला पितळी वजन ठेवलेलं, दोन किलोचं. ते सुटलं हातातून. तिच्या कानापासून वीतभर लांबून गेलं. मागची टाइल फुटली. वीतभर म्हणजे भरपूर अंतर. मला मापाचा अंदाज आहे.
कुणी ओरडलं नाही. कादंबरी रडलीसुद्धा नाही. हेमांगीनं बॅग भरली, तिच्या आईकडे ठाकुर्लीला निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "दार लावून घ्या."
दोघींना चेंज हवाच होता. कामाला शांतताही मिळेल.
नंतर मोजलं. कडच चुकलेली. दोन मिलिमीटर.

२७ नोव्हेंबर.
मॉडेल पूर्ण. कड नवी केली, हात बरोब्बर बसला. कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. हेमांगीला अकरा फोन केले. ठाकुर्लीला नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतोय. कादंबरीला फोटो पाठवला. दोन निळ्या टिका. बस.
पाच दिवसांत एकदाही चिडलो नाही. घरात कुणी नव्हतं, हा योगायोग.

३० नोव्हेंबर, रविवार.
पहिलं बक्षीस. सांगितलेलं ना.
परीक्षक बाई भिंत ठीक म्हणाल्या, टब ठीक म्हणाल्या. मग खाली वाकून माराकडे बघत राहिल्या. "हा माणूस कुणी केला?" मी म्हटलं, मीच.
सर्टिफिकेट घेऊन थेट ठाकुर्लीला गेलो. बेल वाजवली. दार कादंबरीनं उघडलं. आठ दिवसांत जरा उंच वाटली. तिला दिसावं म्हणून सर्टिफिकेट धरलेला हात वर केला.
ती खाली बसली. एकदम. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं तोंडापुढे.
म्हटलं, "अगं, पहिलं बक्षीस आहे." ती उठली नाही. म्हटलं, "माणूस तूच केलेलास, सांगतो मी त्यांना." तरी नाही.
हेमांगी आतून आली. तिला उठवलं, आत नेलं.
माझा हात वरच होता. खाली घेताना पोरीला परत काही वाटू नये, म्हणून अगदी सावकाश घेतला. तोवर दार लागलेलं.