दुःखी पानं वगळून

१ मे, सकाळी ६.४०

या घरात मी स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू, कुणाकडेही न शिकता: पुस्तकं दाबायचा लाकडी प्रेस, त्याचा स्क्रू जुन्या मोटारीच्या जॅकचा. तीन कप्प्यांची मांडणी. तीन पायांचं स्टूल. चौथा पाय अनावश्यक आहे हे मोजून ठरवलेलं. कपडे वाळत घालायची दोरी, कप्पीसकट. दारावरची टपालपेटी, पोस्टमन वापरत नाही, पण दोष त्याचा. आणि ही वही: दुमडलेल्या कागदांचे आठ गठ्ठे, म्हणजे फर्मे, प्रत्येक फर्म्याला पाच टाके.

बायंडिंग मी एक जाडजूड डिक्शनरी उसवून शिकलो. डिक्शनरी परत जोडता आली नाही. ज्ञान झालं.

काल धाकटी बहीण तिच्या लेकीला सोडून गेली. वय आठ. बदली, नवं गाव, सामानाची हलवाहलव; दहा जूनला पोरीची नवी शाळा. जिवाभावाची मैत्रीण जुन्या गावात राहिली. तेव्हापासून म्हणे पोरगी रडत नाही, हसत नाही. काहीही विचारा, ‘चालेल’ म्हणते. बहीण दारात म्हणाली, दादा, तिला नुसती राहू दे, तू काही करू नकोस हं. मी शब्द दिला: आठ जूनला न्यायला येशील, तेव्हा हसती पोर हातात देईन.

काही करू नकोस, हे ती संकोचानं म्हणाली असणार.

२ मे

लायब्ररीत गेलो. बाईंनी पत्रक दिलं: उन्हाळी वाचन आणि मुलांचं भावनिक-सामाजिक आरोग्य. एकच पान, पाठपोट. उभ्याउभ्या दोनदा वाचलं. विषय संपूर्ण समजला.

मुलांची सत्तावीस फाटकी पुस्तकं दुरुस्तीला आणली. मोबदला घेणार नाही म्हणालो. बाई म्हणाल्या, द्यायचा विचारही नव्हता. स्वभावानं मोकळ्या आहेत.

ठराव: रोज चार ते पाच आमच्या पुढच्या खोलीत वाचनवर्ग. भाची, शिवाय गल्लीतली चार मुलं: शेजारची चष्मेवाली, समोरचे जुळे आणि एक मुलगा, ज्याला सगळे इंजिन म्हणतात. कारण पाच मिनिटांत कळतं.

३ मे, सकाळी ७.१५

दाढी करताना कल्पना सुचली. गाल कापला, पण कल्पना पक्की.

पुस्तक हे मनाचं औषध. मग त्यात कडू भाग ठेवायचाच कशाला? दुरुस्ती करतोच आहे, तर दुःखी पानं काढून टाकायची आणि बाकीचं घट्ट शिवायचं. उरतो तो निव्वळ आनंद. इतक्या वर्षांत हे एकाही प्रकाशकाच्या डोक्यात येऊ नये!

बायकोनं विचारलं, अहो, आधी वाचून तरी बघणार का? तिला समजावलं. बायंडरनं वाचायचं नसतं. वाचत बसलं की काम राहतं. मी शब्दांची यादी केली: रडू, हुंदका, एकटा, निरोप, वारला, हरवली. पानावरून बोट फिरवायचं, शब्द दिसला की सुरी. एका पुस्तकाला चार मिनिटं.

बायको म्हणाली, बरं. तिच्या बरंमध्ये बरंच काही असतं. मी लक्ष देत नाही.

६ मे

सत्तावीसच्या सत्तावीस तयार. काढलेली पानं एकशे अठरा. प्रत्येकावर कोपऱ्यात पेन्सिलीनं क्रमांक, एक ते एकशे अठरा, पत्र्याच्या पेटीत. पुस्तकांतले जुने पृष्ठांक खोडून नवे शिक्के मारले, ओळीनं, एकही आकडा तिरका नाही. जगातल्या कोणत्याही माणसाला कळणार नाही की काही गेलंय.

किरकोळ अडचण: पानाला दोन बाजू असतात. कुत्रा वारला त्याच्या पाठीमागे खजिना सापडत होता. खजिनाही गेला. इलाज नाही.

७ मे

पहिला वर्ग. उपस्थिती पाच.

मांजराच्या पिल्लाची गोष्ट. पान तीनवर पिल्लू घरात झोपलंय, पान चारवर अख्खं घर त्याला मिठ्या मारतंय, आलास रे बाबा एकदाचा म्हणून. इंजिननं विचारलं, काका, पण ते गेलं कुठं होतं? मी म्हणालो, कुठंही नाही, प्रेम आहे म्हणून. इंजिन म्हणाला, आमच्या घरी माझ्यावर नाही बुवा कुणी करत असं.

मग आजोबांची गोष्ट. पान सहावर आजोबा नदीवर गळ टाकून बसलेत. पान सातवर नातवंडं तो गळ आळीपाळीनं वापरतायत आणि सगळे फार धीराचे आहेत. एक जुळा म्हणाला, आजोबांनी गळ विकला. दुसरा म्हणाला, आजोबाच पाण्यात पडले. मारामारी. चष्मेवालीनं पुस्तक डोळ्याशी धरलं, शिवणीत नख घातलं आणि म्हणाली, इथं पान होतं.

आठ वर्षांच्या मुलीला असलं नजरेचं वळण बरं नव्हे.

सामाजिक देवाणघेवाण मात्र भरपूर झाली. भाचीला विचारलं, आवडलं का? म्हणाली, चालेल.

१० मे

प्रगती मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून परवा फळी केली: पाच भोकं, पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि एक खुंटी. रोज भाचीनं खुंटी लावायची.

तिन्ही दिवस मधल्या भोकात.

१३ मे

मधलं भोक बुजवून दोन इंच उजवीकडे पाडलं. आज खुंटी हसऱ्याच्या जवळ. सुधारणा वीस टक्के.

१६ मे

वर्गाला बहर! आता मुलं तीनलाच येऊन बसतात. मी तीन पन्नासपर्यंत झोपतो. उठून पाहतो तर अकरा जण, शांत, रांगेत. इंजिनसुद्धा! पद्धत लागू पडली. बाईंना सांगून हे पत्रकात छापून आणायला हवं, माझ्या फोटोसकट.

फक्त एक, सगळ्यांना सर्दी झालीय. नाकं लाल, डोळे लाल. बायकोला हल्ली शिवणाचं वेड लागलंय: जुनी चादर फाडून चौकोन शिवतेय. दोरीवर अकरा रुमाल वाळतायत. विचारलं, कशाला? म्हणाली, सर्दीला.

१९ मे, दुपारी ३.२०

माशीनं जाग आली. पुढच्या खोलीतून आवाज. भाचीचा! मोठ्यानं, न अडखळता, हातवारे करून वाचतेय. छाती भरून आली. बनियनवरच दाराशी गेलो.

पेटी उघडी. पोरगी माझ्या प्रेसवर चढून बसलेली आणि हातात पान क्रमांक एकोणचाळीस, म्हणजे काढलेलं! खाली चौदा मुलं ढसाढसा रडतायत. इंजिन तर जमिनीवर लोळून. एकीकडे रडणं, एकीकडे ओरडणं: पुढचं, पुढचं! दारात बायको रुमालांचा ढीग घेऊन उभी. म्हणजे कटात सामील.

मला पाहून कुणी थांबलं नाही. भाचीनं पान संपवलं आणि एकदम तिलाच रडू फुटलं. गोष्टीसाठी नव्हे. चष्मेवालीला सांगू लागली की निघाले त्या दिवशी मैत्रीण फाटकाशी आलीच नाही, मी गाडीत मागं वळून बघत बसले, तिला माझं काहीच वाटलं नाही. चष्मेवालीनं नाक पुसलं आणि म्हणाली, मीपण आले नसते. आले असते तर गुरासारखी रडले असते ना सगळ्यांसमोर. ती पण घरात रडत असणार, पलंगाखाली.

भाची विचारात पडली. म्हणाली, पलंगाखालीच असणार, ती तिथंच लपते. मग दोघी हसू लागल्या. रडतच.

सगळ्या प्रयोगाचं वाटोळं. अठरा दिवसांत पोर एकदा रडली नव्हती, आणि आज माझ्या नाकासमोर! बहिणीला काय तोंड दाखवू? पेटीला कुलूप. कुलूपही मीच केलेलं.

२० मे

उपस्थिती: एक. तो मीच.

भाची खिडकीत बसून होती. जेवणार का? चालेल. बागेत जाऊया? चालेल. आनंदी पुस्तक वाचू? चालेल.

बायको ताट उचलताना म्हणाली, अहो, पोर पुन्हा मिटली बघा. नंतर बोलली नाही. ती बोलते तेव्हा परवडतं.

२१ मे, दुपारी ४.१०

नेमकं काय विषारी आहे ते तपासायला पेटीतलं एक पान काढलं. निव्वळ तांत्रिक पाहणी. क्रमांक बारा, आजोबांचं.

आजोबा पाण्यात पडले नव्हते. गळ विकलाही नव्हता. नातवाला म्हणतात, मासा लागला तर हाक मार, मी जरा पडतो. मासा लागतो. तो हाक मारतो.

संध्याकाळी ५.३०

चिकटवायच्या खळीत मोरचूद जास्त झाला असावा. वाफ डोळ्यांना झोंबली. बायकोनं काही न विचारता रुमाल आणून दिला. बारावा होता, म्हणजे आधीच शिवून ठेवलेला.

पेटीची किल्ली चुकून टेबलावर राहिली. मी सहसा विसरत नाही.

२२ मे

उपस्थिती सतरा. मी दाराशी बसलो, देखरेखीसाठी. बारा रुमाल कमी पडले.

२६ मे

चष्मेवालीनं चार दिवसांपूर्वी ठराव मांडला: पानं आपापल्या पुस्तकांत परत चिकटवायची. टाळ्या. मीही वाजवल्या. मग तिनं विचारलं, कुठलं पान कुठल्या पुस्तकातलं?

क्रमांक प्रत्येकावर आहे. पुस्तकाचं नाव एकावरही नाही. जुने पृष्ठांक मी खोडलेले, आणि फार सफाईनं.

मुलं म्हणाली, काका, टेन्शन घेऊ नका, आम्ही लावतो. चार दिवस नुसता गोंधळ. भाची सगळ्यांत पुढं: नाही रे, समुद्री चाचा असा बोलेल का. भांडते, समजूत काढते, परत भांडते. चालेल हा शब्द कालपासून ऐकला नाही. ‘नाही’च जास्त म्हणते.

२ जून

लायब्ररीच्या बाई पुस्तकं बघायला आल्या. शिवण पाहून म्हणाल्या, वा. मग वाचू लागल्या. पहिल्या पुस्तकात समुद्री चाचे आजोबांच्या उशाशी रडतात. दुसऱ्यात हत्ती नोकरी सुटल्यामुळे मैत्रिणीची माफी मागतो. तिसऱ्यात मांजराचं पिल्लू वारलं आणि पुढच्या पानावर सगळे त्याला मिठ्या मारतायत. बाईंनी पाणी मागितलं. मुलं भोवती उभी, बाई, रडू आलं ना? बाई म्हणाल्या, हो रे बाळांनो, फार.

पुस्तकं मुलांनी पटापट बाईंच्या पिशवीत घातली. पुढच्या वाचनासाठी सतरा जणांनी तिथंच नावं नोंदवली. बाई मात्र माझ्याकडे बघत होत्या.

८ जून

बहीण आली. वेळ ठरल्याप्रमाणे. हसती पोर हातात द्यायची होती. भाची आणि चष्मेवाली फाटकात गळ्यात गळा घालून भोकाड पसरून उभ्या. चष्मेवाली म्हणत होती, बघ, आले ना मी, आले ना. बहीण मला म्हणाली, दादा, काय सांगितलं होतं तुला! मग पोरीकडे नीट पाहिलं, तीही रडू लागली आणि तिनं कडकडून मिठी मारली. माझ्या बायकोला. मी मागं उभा होतो, गडबडीत दिसलो नसेन.

गाडीत बसताना भाचीनं आईला सांगितलं, मामानं सगळ्या पुस्तकांची पानं फाडली, म्हणून इतकी मजा आली. श्रेय मिळालं. फाडली नव्हे, कापली. पण लहान आहे.

११ जून

बहिणीचा फोन. नव्या शाळेत पहिल्याच मधल्या सुट्टीत पोरीला एक मैत्रीण मिळाली. दोघी मिळून काहीतरी वाचत रडत होत्या. शाळेच्या बाई धावत आल्या, तर दोघी हसायला लागल्या. मी विचारलं, काय वाचत होत्या? बहीण म्हणाली, एक सुटं पान आहे, कोपऱ्यात त्रेसष्ट लिहिलंय. म्हणजे एक पान कमी परत गेलं. चोरी. दुर्लक्ष करायचं ठरवलं.

दुपारी लायब्ररीच्या बाई स्वतः घरी आल्या. चहा घेतला. माझ्या कामाबद्दल लायब्ररीला काहीतरी द्यायचं आहे, म्हणाल्या. खरं तर स्वतःच्या पगारातूनच. इतकी वर्षं एकट्यानं शिकत गेलो त्याची कुणीतरी दखल घेतली! बायकोला आतून बोलावलं, ऐकायला. मग बाईंनी देकार सांगितला. लायब्ररीच्या पुस्तकांना यापुढे मी हात लावायचा नाही, त्याबद्दल महिना दोनशे, वर्षाचे आगाऊ. बायकोनं बाईंना सांगितलं, तीनशे म्हणा, ऐकतील. मी कोणतंही काम न करण्याचे पैसे घेत नाही. नाकारला. दोन हजार चारशेंचा देकार.